दिवाळीच्या किल्ल्यावर बॅटरीवरची स्मार्ट रोषणाई : हिशेबापासून जोडणीपर्यंत

सहामाही परीक्षा संपली की कोल्हापुरात पेठांच्या बोळांतून मातीचे ढीग दिसू लागतात आणि दोन दिवसांत त्यांचे किल्ले होतात. पन्हाळा हाकेच्या अंतरावर असल्यामुळे तीन दरवाजा, सज्जा कोठी आणि अंधारबाव कुठे असावी यावर मुलांमध्ये रीतसर वाद होतात. गेली काही वर्षे त्यात आणखी एका मागणीची भर पडली आहे : किल्ल्यावर मोबाईलवरून रंग बदलणारे दिवे हवेत. घरातल्या खटक्यापासून एक्स्टेंशन बोर्ड ओढत नेऊन ही मागणी पुरवणे सोपे असते, पण किल्ल्यावर पेरलेले हळीव उगवावे म्हणून मुले त्यावर रोज पाणी शिंपडत असतात. ओल्या मातीत, लहान मुलांच्या हाताशी २३० व्होल्टचा बोर्ड ठेवणे मला कधीच पटले नाही. म्हणून आमच्या घरी किल्ल्याची आणि गच्चीवरच्या आकाशकंदिलाची रोषणाई बॅटरीवर चालते. ती कशी उभारायची, कोणती बॅटरी किती तास पुरते आणि कुठे फसगत होते, हे येथे क्रमाने सांगतो.

प्रथम 'वायरलेस' या शब्दाविषयी. खोक्यावर तो मोठ्या अक्षरांत छापलेला असला, तरी तो फक्त नियंत्रणाला लागू असतो. दिव्याला आज्ञा वाय-फाय किंवा ब्लूटूथवरून, म्हणजे हवेतून मिळते. वीज मात्र तारेतूनच यावी लागते. शिवाय आज्ञा ऐकण्यासाठी आतला छोटा संगणक, म्हणजे नियंत्रक, सतत जागा राहतो आणि दिवे विझलेले असतानाही वीज खातो. साध्या माळेच्या हिशेबात नसलेला हा खर्च पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

अ‍ॅडॉप्टरवरची बारीक अक्षरे

हाताशी असलेली माळ बॅटरीवर चालेल की नाही, हे तिच्या अ‍ॅडॉप्टरवर 'आउटपुट' या शब्दापुढे लिहिलेले असते. तेथे ५ व्होल्ट असेल, तर माळ पॉवर बँकेवर थेट चालते. १२ व्होल्ट असेल, तर १२ व्होल्टची बॅटरी लागते. काही माळांच्या अ‍ॅडॉप्टरवर ३१ व्होल्ट असा आकडा आढळतो. त्यांचा नाद सोडावा, कारण घरगुती बॅटरीतून तो दाब मिळवण्याची खटपट माळेच्या किमतीला परवडत नाही. अ‍ॅडॉप्टर नसलेली, थेट भिंतीच्या प्लगात जाणारी माळ बॅटरीच्या विचारातून वगळावी आणि ती कापून काही प्रयोग तर मुळीच करू नये.

नव्याने घ्यायचे असेल, तर किल्ल्यासाठी ५ व्होल्टच्या 'बुलेट पिक्सेल' माळा सर्वांत सोयीच्या आहेत. बोटाच्या पेराएवढा प्रत्येक दिवा सुटा असतो, त्यावर पाणी रोखणारे आवरण असते आणि प्रत्येकाचा रंग वेगळा ठरवता येतो. माळ साधारणपणे ५० दिव्यांची मिळते. मातीत बोटाने भोक पाडून मागून दिवा खुपसला, की बुरुजाच्या खिडकीतून नेमका उजेड येतो. चपटी पट्टी मातीवर नीट बसत नाही. ती आकाशकंदिलाच्या आतल्या काडीला गुंडाळण्यासाठी चांगली.

हिशेब

आमच्या किल्ल्यावर अशा २ माळा, म्हणजे १०० दिवे असतात. या जातीचा एक दिवा लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही रंग पूर्ण तेजाने लावून पांढरा केला, तर सुमारे ५० ते ६० मिलिअँपिअर घेतो. १०० दिव्यांचे ६ अँपिअर आणि ५ व्होल्टने ३० वॅट झाले. हा आकडा पाहून लोक गाडीची बॅटरी शोधायला निघतात. ती लागत नाही, कारण दिवाळीत पांढराशुभ्र, पूर्ण तेजाचा किल्ला कोणालाच नको असतो.

पणतीसारखा पिवळसर केशरी रंग घ्या. त्यात लाल पूर्ण, हिरवा अर्ध्याहून कमी आणि निळा जवळपास शून्य असतो, त्यामुळे दिव्याचा खर्च निम्म्यावर येतो. आता तेज २५ टक्क्यांवर आणा. आपला डोळा उजेड सरळ प्रमाणात मोजत नाही. चौथाई उजेड त्याला अंदाजे निम्मा भासतो आणि अंधाऱ्या बोळात तो पुरून उरतो. या दोन बदलांनंतर प्रत्येक दिवा सुमारे ८ मिलिअँपिअर घेतो. १०० दिव्यांचे ०.८ अँपिअर, नियंत्रकाचे ०.१ अँपिअर, एकूण ०.९ अँपिअर, म्हणजे साडेचार वॅट. ३० वॅटचे साडेचार वॅट झाले आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च झाला नाही. संध्याकाळी ६ ते रात्री १२ असे ६ तास दिवे लावले, तर ऊर्जा लागते ४.५ गुणिले ६, म्हणजे २७ वॅट-तास.

आता त्या जाग्या संगणकाचा खर्च पाहू. दिवे 'बंद' असतानाही प्रत्येक पिक्सेलमधली चिप सुमारे १ मिलिअँपिअर घेतच असते. १०० दिव्यांचे १०० मिलिअँपिअर आणि वाय-फाय चालू ठेवलेल्या नियंत्रकाचे ८० धरले, तर ०.९ वॅट होतात. रात्री १२ पासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंतच्या १८ तासांत हे १६ वॅट-तास होतात. संध्याकाळच्या सगळ्या रोषणाईला २७ आणि काहीच न करता बसून राहण्याला १६! मोबाईलवरून दिवे विझवून झोपी गेलेल्या माणसाची बॅटरी दुसऱ्या दिवशी अर्ध्यातच का बसते, याचे उत्तर येथे आहे. त्यावरचा उपाय जुनाच आहे : बॅटरी आणि नियंत्रक यांच्यामध्ये एक साधा खटका बसवावा आणि झोपण्यापूर्वी तो हाताने बंद करावा.

कोणती बॅटरी

पॉवर बँकेवर छापलेले मिलिअँपिअर-तास आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेले असतात. १०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ३७ वॅट-तास. त्या ३.७ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना काही ऊर्जा उष्णतेत जाते आणि हाती सुमारे ३० वॅट-तास लागतात. चांगल्या पॉवर बँकेच्या पाठीवर 'रेटेड कपॅसिटी' म्हणून ६,००० च्या आसपासचा आकडा बारीक अक्षरांत दिलेला असतो. खरेदी करताना तोच वाचावा. आमच्या २७ च्या गरजेला अशी एक बँक एक संध्याकाळ पुरते, २०,००० ची दोन. ज्यांना सोल्डरिंगच्या वाटेला जायचे नाही, त्यांनी हाच मार्ग धरावा.

आकाशकंदिलातल्या छोट्या तांब्याच्या तारेच्या माळेला तीन पेन्सिल सेलचा डबा पुरतो. त्यासाठी अल्कलाइन सेल घ्यावेत. स्वस्तातले जस्त-कार्बनचे सेल दुसऱ्या संध्याकाळीच मंदावतात आणि विसरून राहिले, तर डब्यात पाझरतात. रिचार्ज होणारे निकेल सेलही चालतात. मात्र तिघांचा दाब साडेचारऐवजी ३.६ व्होल्ट भरतो, म्हणून निळा रंग थोडा फिका दिसतो.

खेड्यापाड्यांत नाते असलेल्या कोल्हापूरकरांकडे आणखी एक साधन असते आणि ते मला सर्वांत आवडते. बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपात साधारणपणे १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बंदिस्त शिसे-आम्लाची बॅटरी असते. आमच्या मामांनी ती देताना अट घातली होती, "ने की, पण पाडव्याला सकाळी परत पायजे, भाजीवर औषध मारायचंय. आणि पार रिकामी करून आणू नको." दुसरी अट तांत्रिकदृष्ट्या अगदी अचूक होती. १२ गुणिले ८ म्हणजे ९६ वॅट-तास असले, तरी शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली, की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून ४८ वॅट-तासच आपले समजावेत. १२ चे ५ व्होल्ट करताना होणारी घट वजा करता ४२ उरतात, म्हणजे एक संध्याकाळ आरामात आणि शिवाय थोडे शिल्लक.

नवीनच घ्यायची असेल, तर लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची १२.८ व्होल्ट, ६ अँपिअर-तासांची बॅटरी अधिक चांगली. ती हलकी असते, ७७ वॅट-तासांपैकी ऐंशी-नव्वद टक्के निर्धास्त वापरता येतात, त्यामुळे दोन संध्याकाळी निघतात आणि ती साध्या लिथियम-आयनपेक्षा उष्णतेला कमी भडकते. तिच्यात बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारे सर्किट बसवलेले आहे ना, हे विचारून घ्यावे. लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसे सुटे १८६५० लिथियम सेल आणून घरी पॅक बांधण्याचा मोह अनेकांना होतो. स्पॉट वेल्डिंग आणि बीएमएस यांचा सराव नसेल, तर तो टाळलेलाच बरा, कारण जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल कोणत्या अवस्थेत आहेत हे बाहेरून कळत नाही.

जोडणी

यापुढचा भाग १२ व्होल्टच्या बॅटरीचा आहे. लागणाऱ्या वस्तू अशा : ३ अँपिअरचा फ्यूज आणि त्याचा होल्डर, एक खटका, १२ चे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर, ईएसपी३२ जातीचा नियंत्रक बोर्ड, ३३० ओहमचा रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि मल्टिमीटर. शेवटची वस्तू शेजाऱ्याकडून मागून आणली तरी चालेल, पण तिच्याशिवाय काम सुरू करू नये.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात बसवावा; सगळी जोडणी झाल्यावर जागा उरेल तिथे नव्हे. याचा धडा मी स्वतः घेतला आहे. पहिल्या वर्षी वायरचे उघडे टोक मोकळे सोडून मी पाना उचलला आणि तो पाना दोन्ही टोकांवर आडवा पडला. ठिणगी डोळ्यांपुढे चमकली आणि दोन सेकंदांत वायरचे लाल आवरण तुपासारखे पातळ झाले. १२ व्होल्टचा झटका माणसाला जाणवत नाही, म्हणून ही बॅटरी निरुपद्रवी वाटते. पण शॉर्ट झाल्यावर ती डझनावारी अँपिअर सोडते आणि तेवढे आग लागायला पुरेसे असतात.

कन्व्हर्टरवर छोट्या निळ्या डबीच्या डोक्यावर पितळी स्क्रू असतो. पुढे काहीही न जोडता, फक्त बॅटरी लावून बाहेरच्या टोकांवर मल्टिमीटर धरावा आणि बारीक पेचकसाने तो स्क्रू फिरवत आकडा ५.० ते ५.१ वर आणावा. पहिले आठ-दहा फेरे आकडा ढिम्म हलत नाही आणि माणसाला वाटते की वस्तू खराब निघाली. धीर धरून फिरवत राहावे. एकदा हलू लागला की तो भराभर उतरतो. हा स्क्रू फिरवून दाब न जुळवताच माळ जोडली, तर पिक्सेलना १२ व्होल्टच्या जवळपासचा दाब मिळून दोन्ही माळा एका क्षणात जाऊ शकतात. एलएम२५९६ चिपचा कन्व्हर्टर ३ अँपिअरचा म्हणून विकला जातो, तरी त्याच्याकडून २ च्या वर मागू नये. आपली गरज ०.९ ची असल्यामुळे तो फारसा तापत नाही.

कन्व्हर्टर बॅटरीपाशी ठेवायचा की किल्ल्यापाशी, हा प्रश्न किरकोळ वाटला तरी तसा नाही. बॅटरी ओसरीवर आणि किल्ला ५ मीटर दूर असेल, तर वीज जाऊन-येऊन १० मीटर तारेतून फिरते. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ५ व्होल्टवर ०.९ अँपिअर सोडले, की सुमारे ०.३५ व्होल्ट वाटेतच जातात. त्यात माळेतली घट मिळाली, की टोकाचे दिवे आधी निळा आणि मग हिरवा रंग गमावतात आणि पांढरा बुरूज लालसर दिसू लागतो. तेच अंतर १२ व्होल्टवर पार केले, तर प्रवाह निम्म्याहून कमी असतो आणि झालेली घट कन्व्हर्टर भरून काढतो. म्हणून लांब तार १२ व्होल्टची ठेवावी आणि कन्व्हर्टर किल्ल्याच्या पायथ्याशी असावा.

कन्व्हर्टरच्या ५ व्होल्टच्या धन आणि ऋण टोकांवर कपॅसिटर त्याच्या खुणा पाहून जोडावा. तेथूनच माळेला आणि नियंत्रकालाही वीज द्यावी. दोघांचे ऋण टोक एकच असले पाहिजे. नियंत्रकाच्या पिनेपासून माळेच्या डेटा तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर घालावा आणि पहिला दिवा नियंत्रकापासून हातभर अंतराच्या आत ठेवावा. ईएसपी३२ चा संदेश ३.३ व्होल्टचा असतो, तर ५ व्होल्टवरचा पिक्सेल साधारण ३.५ ची अपेक्षा करतो. जवळच्या अंतरात बहुधा निभावते. दिवे वेडेवाकडे लुकलुकू लागले, तर मध्ये संदेश ५ व्होल्टवर नेणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप बसवावी. माळेला दोन टोके असतात आणि संदेश एकाच टोकाने आत जातो. सगळे बरोबर असूनही एकही दिवा लागत नसेल, तर आधी माळ उलटी लागली आहे का ते पाहावे. पहिल्या माळेचे बाहेरचे टोक दुसऱ्या माळेच्या आतल्या टोकाला जोडताना ५ व्होल्टची आणि ऋण अशा दोन तारा त्या सांध्यापर्यंत वेगळ्याही आणाव्यात.

मोबाईलवरची मांडणी

नियंत्रकात डब्ल्यूएलईडी हे मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर भरावे. संगणकाला यूएसबी केबलने बोर्ड जोडून क्रोम ब्राउझरमधूनच ते भरता येते. मात्र त्या वेळी बॅटरीची बाजू सुटी ठेवावी. त्यानंतर बोर्ड स्वतःचे वाय-फाय सुरू करतो. मोबाईल त्याला जोडून ४.३.२.१ या पत्त्यावर गेले, की पडदा उघडतो आणि तेथे घरच्या वाय-फायचे नाव व पासवर्ड भरता येतो. घरचे वाय-फाय बोळापर्यंत पोहोचत नसेल, तरी रंग बदलणे चालतेच. फक्त वेळापत्रक बिनचूक चालत नाही, कारण बोर्ड घड्याळाची वेळ इंटरनेटवरून घेतो.

एलईडीच्या सेटिंगमध्ये दिव्यांची संख्या १०० भरावी. तेथेच कमाल प्रवाहाची मर्यादा असते. मूळची ८५० मिलिअँपिअर असते, ती १००० करावी. बॅटरीवर चालवणाऱ्याच्या दृष्टीने ही सगळ्यात मोलाची जागा आहे. एखाद्या पोराने मोबाईल हिसकावून पांढरा रंग पूर्ण तेजाने लावला, तरी सॉफ्टवेअर अंदाजाने तेज आपोआप आटोक्यात ठेवते. लाल मागितल्यावर हिरवा दिवा लागला, तर दिवे खराब नसतात. 'कलर ऑर्डर' बदलली की रंग जागेवर येतात. वाय-फायची झोप बंद करण्याचा पर्याय निवडलेला नसावा, म्हणजे नियंत्रक कमी वीज घेतो.

किल्ल्याचे भाग करण्यासाठी 'सेगमेंट' वापरावेत. आमच्याकडे दरवाजांचे दिवे 'कँडल' या प्रकारावर असतात; ते मशालीसारखे थरथरतात आणि सरासरी खर्चही स्थिर दिव्यापेक्षा कमी होतो. वेळापत्रकात अक्षांश १६.७० आणि रेखांश ७४.२४ भरले, की बोर्डाला कोल्हापूरचा सूर्यास्त कळतो. दिवाळीच्या सुमारास तो संध्याकाळी ६ च्या आसपास असतो.

पॉवर बँकेची खोड

पॉवर बँक वापरणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. एका लक्ष्मीपूजनाला आकाशकंदिलातली ब्लूटूथची छोटी माळ मी पॉवर बँकेवर लावली आणि हळूहळू उजळून मंदावणारा नमुना निवडला. पूजा मांडून बाहेर येऊन पाहतो, तर कंदील अंधारात. बटण दाबले की लागे आणि मिनिटभरात पुन्हा विझे. बँक चांगली होती, माळही चांगली होती. प्रवाह साधारण ५० ते १०० मिलिअँपिअरच्या खाली गेला, की पॉवर बँक फोन भरला असे समजून स्वतःला बंद करून घेते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. इअरबड किंवा घड्याळ भरण्यासाठी काही बँकांमध्ये कमी प्रवाहाची सोय असते. बहुधा बटण दोनदा दाबल्यावर ती सुरू होते. ती नसेल, तर इतक्या छोट्या माळेला सेलचा डबाच द्यावा. १०० दिव्यांच्या किल्ल्याला हा त्रास सहसा होत नाही. त्याची रिकामी बसण्याची भूकच १८० मिलिअँपिअरची आहे, हा तिचा एकमेव फायदा.

ठेवण्याची जागा आणि चार्जिंग

बॅटरी जमिनीवर न ठेवता विटेवर किंवा पाटावर, प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावी. ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस सांगून येत नाही आणि नोव्हेंबरच्या पहाटेचे दवही कमी नसते. डब्याला भोके बाजूने खालच्या अंगाला पाडावीत आणि तार आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. डबा दुपारच्या उन्हात, पणत्यांच्या रांगेत किंवा फटाके उडवण्याच्या जागेजवळ नसावा.

शिसे-आम्लाच्या बॅटरीचे रोज सकाळी मल्टिमीटरने व्होल्ट पाहावेत. तासभर विश्रांतीनंतर १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. कन्व्हर्टर बॅटरी फार खाली गेली तरी आपणहून थांबत नाही, म्हणून ११.८ व्होल्टला तोडणारे छोटे मॉड्यूल मध्ये घातले तर उत्तम. फॉस्फेट बॅटरीत हे मोजमाप फसवे ठरते, कारण तिचा दाब बराच काळ १३.२ च्या आसपास रेंगाळतो आणि शेवटी एकदम कोसळतो; तेथे तासांचा हिशेब ठेवावा. चार्जर मात्र ज्याचा त्यालाच लावावा : शिसे-आम्लाला पंपाबरोबर आलेला, फॉस्फेटला १४.६ व्होल्टचा तिचाच. शिसे-आम्लाची बॅटरी हवेशीर जागी भरावी, कारण जास्त चार्ज झाल्यास तिच्यातून हायड्रोजन सुटतो. आणि कोणतीही बॅटरी गादीवर किंवा कपाटात भरू नये.

तुळशीचे लग्न झाले की आवरायची घाई करू नका. त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पंचगंगेच्या घाटावर हजारो पणत्या लागतात आणि त्या पहाटेसाठी आम्ही किल्ल्याचे वेळापत्रक ४ ते ६ असे बदलतो. दिव्यांचा खर्च दोनच तासांचा, म्हणजे ९ वॅट-तासांचा असतो, खटका मात्र आदल्या रात्री चालू ठेवावा लागतो, नाहीतर वेळापत्रक पाळायला बोर्ड जागाच नसतो. त्यानंतर माळा मातीतून ओढून न काढता माती भिजवून सोडवाव्यात. लिथियमच्या बॅटऱ्या आणि पॉवर बँका निम्म्या भरून थंड जागी, शिसे-आम्लाची पूर्ण भरून आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करत ठेवावी. पेन्सिल सेल डब्यातून काढावेत. फुगलेली पॉवर बँक पुढच्या वर्षासाठी ठेवू नये आणि कचऱ्याच्या घंटागाडीतही टाकू नये; ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी. मामांची बॅटरी आम्ही पाडव्याच्या आदल्या रात्रीच चार्जरला लावतो, कारण ती भरायला रात्रभर लागते आणि मामा सकाळी सातला दारात उभे असतात.